कॅमेऱ्याला जामीन कोण?

बँकेत वीस-बावीस वर्षं कारकुनी केली की माणसाला दोन गोष्टी जडतात. एक पाठदुखी आणि दुसरा संशय. पाठदुखीवर बाम आहे, संशयावर नाही. उद्या साक्षात राजा हरिश्चंद्र आमच्या काउंटरसमोर येऊन ‘बाबा रे, थोडं कर्ज हवंय’ म्हणाला, तरी त्याच्या मुकुटाकडे न बघता आम्ही आधी विचारणार, ‘जामीनदार आणलाय का?’ आणि यात आमचं काही चुकतं असं मला वाटत नाही. हरिश्चंद्राचं पूर्वीचं रेकॉर्ड बघा. राज्य दान करून टाकलेलं, दक्षिणेच्या बाकीपायी बायको-मुलगा विकलेला, नोकरी स्मशानात आणि तीही कायम नाही. सत्यवचनी आहे हे खरं, पण सत्यवचन तारण म्हणून धरता येत नाही. तसा रकानाच फॉर्मात नाही.

आता मुद्रा कर्जाला तारण किंवा जामीन मागू नये असा वरून हुकूम आहे. म्हणून ते सोडून आम्ही बाकीचं सगळं मागतो. आधार, पॅन, धंद्याचा दाखला, सहा महिन्यांचा खातेउतारा, दुकानदाराचं कोटेशन, दोन फोटो. (फोटोग्राफरकडेदेखील दोन फोटो मागतो आणि तो ते हमखास दुसऱ्याकडून काढून आणतो.) शेवटी कर्जातून घेतलेली वस्तू बँकेकडे नजरगहाण. कॅमेरा नजरगहाण ठेवणं यातला विनोद आमच्या हेड ऑफिसला अजून कळलेला नाही.

एवढं झाल्यावर बँक ती रक्कम कर्जदाराच्या हातात न देता थेट दुकानदाराच्या खात्यावर पाठवते. समजा, दोन लाख पस्तीस हजार. ती तिथून पुढे कंपनीकडे जाते. इथे मात्र आमचा संशय अचानक झोपी जातो. दिंडोरीच्या पोराला आम्ही पणजोबांपर्यंत विचारलं. पण ज्या कंपनीनं त्याचे दोन लाख पस्तीस हजार घेतले, तिला कोणी विचारत नाही, की बाई, उद्या तुझा माल बिघडला तर तुला जामीन कोण?

ती एक कार्ड देते. वॉरंटी कार्ड.

आमच्या वडिलांच्या पिढीत ‘गॅरंटी’ असायची. ती कधी हळूच ‘वॉरंटी’ झाली ते कळलंच नाही. वॉरंटी कार्ड हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात कंपनीला आपल्याविषयी वाटणारा जिव्हाळा असतो आणि मागच्या बाजूला, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरात, तो जिव्हाळा कधी लागू होणार नाही त्याची यादी. पाणी, वाळू, धूळ, दमट हवा, बुरशी, धक्का, चुकीची साठवण, अनधिकृत माणसानं उघडणं. थोडक्यात, पृथ्वीवर वापरल्यास कंपनी जबाबदार नाही. चंद्रावर वापरावा म्हटलं, तर तिथेही धूळ आहेच. तरी १९६९ साली माणसं चंद्रावर हॅसलब्लाड कॅमेरे घेऊन गेली, झकास फोटो काढले आणि परतताना ओझं नको म्हणून कॅमेरे तिथेच ठेवून फक्त फिल्म घेऊन आली. सर्व्हिस सेंटरपर्यंत प्रकरण गेलंच नाही, म्हणून त्या कॅमेऱ्यांचा नावलौकिक आजवर टिकून आहे.

मी बोलतोय तो खिशातल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याबद्दल नाही. मोबाइल बिघडला तर माणूस दोन दिवस पोरका होतो, इतकंच. मी बोलतोय उंची कॅमेऱ्यांबद्दल. नुसतं धूड लाख-दोन लाखांचं आणि भिंग वेगळं, म्हणजे पायजम्याला नाडी वेगळी विकत घ्यावी तसं. असले कॅमेरे आमच्या तालुक्यात हौस म्हणून कोणी घेत नाही. घेतात ते लग्नांचे फोटो काढून पोट भरणारे.

दिंडोरीकडचं लग्न तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. द्राक्षाचा हंगाम उरकला, व्यापाऱ्याचा चेक वटला, की एप्रिल-मे महिन्यात मांडव पडतात. या लग्नांत पूर्वी भटजी मुख्य असायचे, मग आचारी मुख्य झाला, आता फोटोग्राफर मुख्य आहे. लग्नाआधी महिनाभर तो नवरानवरीला द्राक्षबागेत नेऊन वेलींमधून पळायला लावतो. लग्नात अंतरपाट धरलेला असताना तो भटजींना खुणेनं थांबवतो आणि भटजी थांबतात. मंगळसूत्र घालताना तो म्हणतो, ‘अजून एकदा.’ म्हणजे आमच्याकडच्या प्रत्येक नवऱ्याला लग्न निदान दोनदा लागतं.

या माणसाच्या कॅमेऱ्याचा हिशेब मी कॉमर्सवाला म्हणून करून पाहिला. एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन हजार फोटो सहज निघतात. वर्षाला पन्नास लग्नं धरा. तीन हजार गुणिले पन्नास म्हणजे दीड लाख. कंपन्या आपल्या शटरची चाचणी दीड लाख, दोन लाख वेळा घेतल्याचं अभिमानानं छापतात. ती चाचणी असते, कबुली नसते. वीस हजारांनाच शटरनं मान टाकली तर ‘तो सरासरीचा आकडा आहे’ असं सांगतात. आम्ही कर्जदाराला हप्ता सरासरीनं भरू देत नाही.

आता माझ्या मेहुण्याचं सांगतो, म्हणजे आमच्या हिच्या धाकट्या भावाचं. कंपनीचं नाव घेणार नाही. त्यानंही ते अलीकडे घेणं सोडलंय, घेतलं तर पुढे जे शब्द येतात ते घरात चालत नाहीत. त्याचा कॅमेरा नव्या धर्तीचा, आत आरसा नसलेला. अकराव्या महिन्यात एका साखरपुड्यात तो अचानक थिजला. पडद्यावर ‘एरर’ आणि पुढे एक आकडा. बॅटरी काढून पुन्हा घातली की दहा मिनिटं चालायचा, पुन्हा थिजायचा. नाशिकला दुकानदाराकडे दिला. त्यानं मुंबईला पाठवला. तीन आठवड्यांनी ‘क्लीनिंग केलं, सॉफ्टवेअर टाकलं, ओके’ अशी चिठ्ठी लावून परत आला. चौदाव्या महिन्यात वणीच्या एका लग्नात, भटजी ‘शुभमंगल’पर्यंत आले आणि याचा कॅमेरा ‘सावधान’ झाला. पुन्हा तीच ‘एरर’, तोच आकडा. बॅटरी काढ, घाल, काढ, घाल. वऱ्हाडी मंडळी अक्षता मुठीत धरून उभी. नवरीचे मामा शेवटी म्हणाले, ‘अरे, कालवा सोडलाय का मोटर चालू करतोयस?’ जुना कॅमेरा जवळ होता म्हणून अब्रू वाचली. पूर्ण वाचली नाही. ठरल्यातले आठ हजार वधुपित्यानं कापले.

पुन्हा मुंबई. या वेळी फोन मी केला, कारण बँकेतल्या माणसाला समोरच्याला होल्डवर ठेवण्याचा सराव असतो, तो उलटाही उपयोगी पडतो.

‘सर, बोर्ड गेलाय. चौतीस हजार होतील. वॉरंटी संपलीय.’

‘पण हाच बिघाड वॉरंटीत झाला होता.’

‘तेव्हा क्लीन करून दिलं होतं ना सर. आता मॉइश्चरमुळे गेलाय. कस्टमरनं ओलाव्यात वापरलाय.’

‘अहो, एप्रिल महिना आहे. एप्रिलात आमच्याकडे ओलावा असता तर बायका हंडे घेऊन टँकरमागे धावल्या असत्या का?’

पलीकडे थोडी शांतता. मग, ‘डस्टपण असू शकते, सर.’

मेहुणा रात्री घरी आला. ‘दाजी, कॅमेरा मुंबईत, मी दिंडोरीत आणि हप्ता पाच तारखेला,’ म्हणाला. आमच्या हिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू व्याजाचा दर मीच ठरवतो. तो कॅमेरा सत्तेचाळीस दिवस मुंबईत होता. त्या सत्तेचाळीस दिवसांत याच्या सहा ऑर्डरी गेल्या आणि दोन हप्ते आले.

पण मला लिहायला बसवलं ते या चौतीस हजारांनी नाही. पुढे कळलं की तालुक्यात आणि आसपास तेच मॉडेल घेतलेले आणखी सहा जण आहेत. एक जानोरीचा, एक लखमापूरचा, दोन ओझरचे, असे. सहाही जणांच्या पडद्यावर तीच ‘एरर’ आणि तोच आकडा आला होता. आणि प्रत्येकाला, वेगवेगळ्या दिवशी, एकेकट्याला, एकच उत्तर मिळालं होतं. ओलावा. सात घरांत सात तऱ्हेचे कुलूप असतात, सात तऱ्हेच्या सासवा असतात, पण ओलावा मात्र आकड्यासकट एकच! यातल्या प्रत्येक पोराला इतके दिवस वाटत होतं की आपल्याच हातून काहीतरी झालं असणार. जानोरीच्या पोरानं तर कॅमेऱ्यासाठी देव्हाऱ्याशेजारी कापराचा डबा ठेवला होता.

यंत्र बिघडतं, त्यात पाप नाही. आमचे शाखाधिकारीही हेच म्हणाले, ‘अहो, मशीन म्हटलं की बिघडायचंच.’ मी म्हटलं, ‘साहेब, मग कर्जदार म्हटला की थकायचाच.’ ते पुढचं बोलले नाहीत, मार्चअखेर जवळ होती. माझी तक्रार दुसरी आहे. सात तक्रारी ज्या एका टेबलावर येतात, त्या टेबलाला कळलेलं असतं की दोष कोणाचा आहे. ते टेबल गप्प बसतं, आणि वर बिल लावतं.

हे काही दिंडोरीपुरतं नाही, आणि उंची मालाची मोठमोठी नावंही यातून सुटलेली नाहीत. २००५ च्या ऑक्टोबरात एक गंमत झाली. सोनीनं बनवलेला सीसीडी नावाचा भाग, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्यातला पडदाच म्हणा, उष्ण आणि दमट हवेत आतल्या तारांचे सांधे सुटून निकामी होतो असं जाहीर झालं. हा पडदा एकट्या सोनीच्या कॅमेऱ्यात नव्हता. कॅनन, निकॉन, फुजी, कोनिका मिनोल्टा, सगळ्यांच्या काही मॉडेलांत तोच. एका आचाऱ्याची आमटी नासावी आणि गावातल्या सगळ्या पंगती उठाव्यात तसं झालं. कंपन्यांनी वॉरंटी संपलेली असली तरी फुकट दुरुस्ती करून देऊ असं सांगितलं, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. पण ‘उष्ण आणि दमट हवा’ हा दोषाचा खुलासा वाचून मला गहिवरून आलं. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे वर्षातले आठ महिने दुसरी हवा असते कुठे?

२००७ साली कॅननचा ईओएस वनडी मार्क थ्री आला. सेकंदाला १० फोटो काढणारा, खेळांच्या मैदानासाठीच घडवलेला. धावत्या खेळाडूवर त्याचा फोकस टिकेना, विशेषतः भर उन्हात. मैदानासाठी केलेल्या कॅमेऱ्याला ऊन सोसत नाही म्हणजे पोहणाऱ्याला पाण्याची अॅलर्जी. धंदेवाईक छायाचित्रकारांनी पुरावे मांडून मांडून दमवल्यावर त्या वर्षाच्या शेवटी कंपनीनं आतल्या दुय्यम आरशाची यंत्रणा दुरुस्त करून द्यायला घेतली.

लायका तर कॅमेऱ्यांतली पैठणी. तिचा एम ९ हा कॅमेरा २००९ मध्ये आला, किंमत सात हजार डॉलरच्या घरात. त्याच्या पडद्यावरची संरक्षक काच हळूहळू गंजू लागली आणि फोटोंवर डाग उमटू लागले. काच गंजते हे मलाही नवीन होतं. २०१४ मध्ये लायकानं सांगितलं, कॅमेरा कितीही जुना असो, पडदा फुकट बदलून देऊ. मी टोपी काढणार तेवढ्यात २०१७ साल उजाडलं आणि त्यांनी हात आखडता घेतला. पाच वर्षांहून जुना कॅमेरा असेल तर खर्चाचा वाटा मालकानं उचलावा. दोष त्यांचा, पण तो म्हातारा झाल्यावर सांभाळायचा आपण.

आणि निकॉनच्या डी ६०० ची कुळकथा. ती तारखांनिशीच सांगायला हवी, कारण तारखा हेच तिचं सौंदर्य आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये कॅमेरा बाजारात. थोड्याच दिवसांत फोटोंवर, विशेषतः वरच्या डाव्या कोपऱ्यात, ठिपके. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीचं निवेदन, की धूळ दिसत असल्यास पुस्तिकेत दिल्याप्रमाणे फुंकणीनं साफ करा, नाही गेली तर सर्व्हिस सेंटरला या. ऑक्टोबर २०१३ मध्ये डी ६१०, बराचसा तोच कॅमेरा, पण शटरची यंत्रणा नवी. नापास मुलाचं नाव बदलून त्याला शेजारच्या शाळेत त्याच इयत्तेत बसवावं, तशातला प्रकार. पहिल्या मुलाचं काय? फेब्रुवारी २०१४ मध्ये दुसरं निवेदन, वॉरंटी संपली असली तरी शटर फुकट बदलून देतो. आणि १५ मार्च २०१४ ला, म्हणजे जागतिक ग्राहक दिनाला, चीनच्या सरकारी दूरदर्शननं हे प्रकरण देशभर दाखवलं. लगेच शांघायच्या अधिकाऱ्यांनी डी ६०० ची विक्री बंद करायला लावली.

सप्टेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१४ हे दीड वर्ष बघा. या दीड वर्षात जगभर किती लोक फुंकण्या घेऊन फुंकत बसले असतील! त्याच निकॉननं पुढे डी ७५० च्या शटरबाबत मात्र २०१५ मध्ये नीट सांगितलं, कोणत्या नंबरांचे कॅमेरे सदोष आहेत ते तपासायची सोय केली, २०१६ आणि २०१७ मध्ये ती यादी आणखी वाढवली आणि दुरुस्ती फुकट ठेवली. म्हणजे मनात आणलं तर जमतं. जमतं हे एकदा सिद्ध झाल्यावर, न करणाऱ्याला कशाला सोडायचं?

आता आमच्या बँकेतली एक गोष्ट सांगतो. तिला व्हॅल्यू डेट म्हणतात. एखाद्याच्या खात्याला आमच्या चुकीनं पाच हजार नावे पडले आणि तीन वर्षांनी ऑडिटरला ते सापडले, तर आम्ही ‘आता तीन वर्षं झाली, तुमची वॉरंटी संपली’ असं म्हणत नाही. पैसे जमा करतो आणि तेही चूक घडली त्या तारखेपासून धरून, व्याजासकट. चूक सापडली कधी याला महत्त्व नाही, घडली कधी याला आहे. कॅमेऱ्यातला दोष जर कारखान्यातच जन्मला असेल, तर त्याची व्हॅल्यू डेट कारखान्याच्या दारातली. गिऱ्हाइकानं डबा उघडला त्याच्याही आधीची. मग तो चौदाव्या महिन्यात उघडकीला आला की चाळिसाव्या, याचा संबंध काय?

आणि २०१७ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेनं आम्हाला एक परिपत्रक पाठवलं होतं. ग्राहकाच्या खात्यातून त्याच्या परवानगीशिवाय ऑनलाइन पैसे गेले आणि त्यात बँकेचीच हयगय असेल, तर ग्राहकावर शून्य जबाबदारी, त्यानं तक्रार केलेली असो वा नसो. आणि चूक ग्राहकाची होती असं बँकेचं म्हणणं असेल, तर ते बँकेनं सिद्ध करायचं. हे वाचून आम्ही कारकून मंडळी आठवडाभर आजारी होतो. पण न्यायाचं बोलायचं तर ते बरोबरच आहे. हाच नियम सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर टांगा. ओलावा शिरला म्हणता? दाखवा. कुठल्या सांध्यातून शिरला, त्याचा फोटो द्या. कॅमेऱ्याची कंपनी आहे, फोटो काढायला अडचण नसावी.

तुम्ही म्हणाल, लाखो कॅमेरे विकायचे, त्यातला कुठला सदोष हे कंपनीनं कसं ओळखावं? तर आमच्या तालुक्यात या. आमचा द्राक्षवाला निर्यात करतो तेव्हा त्याच्या बागेच्या प्लॉटची नोंदणी होते, प्रयोगशाळेत औषधांचे अंश तपासले जातात, आणि अपेडाच्या ‘ग्रेपनेट’वर सगळा माग राहतो. युरोपातल्या दुकानात पेटीत काही सापडलं, तर ती पेटी कुठल्या प्लॉटातली हे शोधता येतं. २०१० साली आमच्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराईडचा अंश जास्त सापडला म्हणून युरोपानं माल अडवला होता. ‘तुमच्या गिऱ्हाइकानं द्राक्षं ओलाव्यात ठेवली असतील’ असं म्हणायची तेव्हा कुणाची टाप नव्हती. निर्यातदार आणि बागायतदार त्या तोट्यात पार धुऊन निघाले. दोन महिन्यांत संपणाऱ्या फळाला एवढा पत्ता-ठिकाणा लागतो, आणि ज्या कॅमेऱ्याच्या बुडाशी नंबरच कोरलेला असतो, त्याचा दोष शोधताना कंपनी आंधळी होते.

कायदा काय म्हणतो तेही पाहून घेतलं. कायदा वाचायची मला सवय आहे, झोप चांगली लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचं एक अख्खं प्रकरण आहे. रचनेतला दोष, घडणीतला दोष, सगळ्याला कारखानदार जबाबदार. आनंदानं चहा मागवला. चहा येईपर्यंत व्याख्येचं पान उघडलं. त्या प्रकरणापुरती ‘हानी’ म्हणजे काय? माणसाला इजा, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान वगैरे. पण खुद्द त्या वस्तूचं नुकसान आणि धंद्यातलं आर्थिक नुकसान त्यात धरायचं नाही! म्हणजे कॅमेरा फुटून मेहुण्याच्या नाकाला लागला तर दायित्व. कॅमेरा नुसताच मेला आणि सहा ऑर्डरी गेल्या, तर या प्रकरणापुरतं काही घडलंच नाही. सदोष माल परत मागवण्याचा अधिकार त्याच कायद्यानं नेमलेल्या केंद्रीय प्राधिकरणाला आहे, पण तोही धोकादायक, घातक, असुरक्षित मालापुरता. कॅमेरा माणसं मारत नाही, फक्त लग्नं मारतो.

तेव्हा उरतो तो जुनाच रस्ता. माल सदोष आहे अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे करायची. तो रस्ता तसा वाईट नाही. दोष काढून द्या, माल बदलून द्या, किंमत परत करा, भरपाई द्या, असे हुकूम आयोगाला करता येतात. कंपनीचं ऑफिस कुठेही असलं तरी आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आम्हाला नाशिक. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र दोष तपासायला वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची तर तिचा खर्च आधी तक्रारदारालाच भरावा लागू शकतो. आणि एवढं करायला जी चिकाटी लागते ती कॅमेऱ्याबरोबर मिळत नाही, तीही भिंगासारखी वेगळी आणावी लागते. कंपनीचा सगळा हिशेब नेमका यावरच चालतो. सातातला एक भांडेल, सहा पैसे भरतील. सहाच्या पैशांत एकाचं भांडण परवडतं. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, मला हा ताळेबंद लगेच कळला.

माझं मागणं फार नाही. एकाच जातीचा बिघाड ठरावीक संख्येनं आला की कंपनीनं तो नंबरांसकट मराठीत, हिंदीत, लोकांना कळेल असा जाहीर करावा. दोष कारखान्याचा निघाला की तारीख न बघता दुरुस्त करून द्यावा, आणि ज्यांनी आधीच पैसे भरले त्यांना ते परत करावेत. ओलाव्याचा आरोप करायचा असेल तर पुरावा द्यावा. आमचा कॅशियर संध्याकाळी शंभर रुपये कमी भरले तर खिशातून घालतो. तेव्हा तो असं म्हणत नाही, की नोटा ओलाव्यानं कमी झाल्या.

आमच्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि त्यावर त्यांनी हरिश्चंद्राला पडद्यावर आणलं. बरं झालं, त्या कॅमेऱ्याला दांडा होता, बोर्ड नव्हता. नाहीतर ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ ला लागण्याऐवजी पार्ट येईपर्यंत लांबला असता.

तर आम्ही सातही जणांची मिळून एकच तक्रार नाशिकला दाखल केली आहे. सारख्या तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीनं एकत्र येता येतं, ते कलम मीच शोधून काढलं. सात बिलं, सात नंबर आणि सात चिठ्ठ्या, प्रत्येकीवर इंग्रजीत ‘ओलावा’. कंपनीच्या वकिलांनी पहिलीच हरकत घेतली, की हे ग्राहकच नव्हेत, यांनी कॅमेरे धंद्यासाठी घेतले, हे व्यापारी आहेत. आता कायद्यातच खुलासा आहे, की स्वतः राबून केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरली तर तो धंदा धरत नाहीत. पुरावा म्हणून मेहुण्याच्या कर्जाच्या कागदांची प्रत जोडली आहे. ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात ‘स्वयंरोजगार, उपजीविकेकरिता’ असं लिहिलेलं आहे, ठसठशीत, निळ्या शाईत. अक्षर माझंच आहे.

पुढची तारीख पडली आहे ती नेमकी दाट तिथीची. सातांपैकी पाच जणांना त्या दिवशी ऑर्डरी आहेत आणि सहाव्याचं स्वतःचंच लग्न आहे. मेहुणा म्हणतो, ‘दाजी, तुम्ही जा. तुम्हाला रजा शिल्लक आहे.’ आमच्या हिनं माझा डबा भरायला आत्ताच सुरुवात केली आहे.